राजीनामा: मराठीतला आणि हिंदीतला

इंग्लंडच्या एका पंतप्रधान बाईंची खुर्ची वाचली आणि तिच्या जोडीनं माझीही वाचली, असं मी सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे जरा जपून बघायला लागतात. बघू देत. त्या बाईंना मी कधी भेटले नाही, लंडन पाहिलं नाही, पासपोर्ट काढायचा तर राहूनच गेला. पण बनारसच्या एका हिंदी सांध्य दैनिकात परदेशाचं पान मी अठरा वर्षं सांभाळलं, आणि त्यातला एक शुक्रवार असा होता की अजून आठवला की हात कपाळाला जातो. पाठोपाठ हसूही येतं.

मी मूळची मिरजेची. लग्न होऊन काशीला आले ती पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीतल्या एका मराठी घरात. सासरे, म्हणजे अण्णा, निवृत्त संस्कृत शिक्षक. त्यांचा जन्मच इथला, त्यामुळे त्यांचं मराठी असं की, "सूनबाई, जरा खिडकी बंद कर, फार धूल येते आहे." नवरा रेल्वेत. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेले आणि लेक शाळेत जायला लागल्यावर दुपारभर भिंतीकडे बघत बसलेली. एक दिवस पेपरात जाहिरात आली की इंग्रजीतून हिंदीत भाषांतर करणारे पाहिजेत. माझं हिंदी तेव्हा सिनेमातलं आणि भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं. अण्णा म्हणाले, "जा, जा. काशीत कुणाला काय येतं हे कुणी विचारत नाही." गेले, आणि चक्क लागले की!

सांध्य दैनिक म्हणजे दुपारी दोनला रस्त्यावर येणारा पेपर. सकाळचे पेपरवाले रात्र जागवतात, आमची धावपळ उजाडल्यावर. साडेसहाला ऑफिसात पोचायचं, वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातम्या उघडायच्या (तारा बंद होऊन जमाना झाला, तरी आमच्याकडे त्यांना 'तार'च म्हणत), त्यातल्या आठ-दहा निवडायच्या, हिंदीत करायच्या, मथळे द्यायचे आणि साडेअकराला पान सोडायचं. 'पन्ना छोड़ना' हा तिथला शब्द. एकदा पान सोडलं की ते छपाईला गेलं. मग तुम्ही कपाळ बडवा नाहीतर छाती, त्यातला काना इकडचा तिकडे होत नाही.

पान सोडण्याआधी ते कागदावर काढून मिश्रजींच्या टेबलावर जायचं. मिश्रजी आमचे प्रूफ तपासनीस. जिन्यापाशी टेबल, अंगात धुवट कुडता, गालात पान, खिशात लाल पेन. अण्णांनी त्यांच्या धाकट्या भावाला शाळेत शिकवलेलं, म्हणून मी पहिल्या दिवसापासून त्यांची 'बहूजी', म्हणजे सूनबाई. सगळं ऑफिस मग मला बहूजीच म्हणायला लागलं. माझं खरं नाव पगारपत्रकात तेवढं उरलं.

आता मराठी माणसानं हिंदी लिहिणं यातली गंमत बाहेरच्यांना कळायची नाही. शब्द तेच असतात हो, आणि तिथंच घात होतो. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मी नवी असताना कुठल्याशा देशाच्या माजी राष्ट्राध्यक्षाला तुरुंगात टाकल्याची बातमी आली. मी झोकात मथळा दिला, 'पूर्व राष्ट्रपति को सात साल की शिक्षा'. मिश्रजी प्रूफ घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बहूजी, बुढ़ऊ को किस इस्कूल में भर्ती करा रही हैं?"

एकदा 'पालकों ने किया स्कूल का घेराव' लिहिलं. इकडे पालक म्हणजे पालेभाजी. "सब्ज़ी ने घेराव किया?" मिश्रजींनी विचारलं. एकदा मी कर्करोगावर अमेरिकेत संशोधन केलं (हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती), तर म्हणाले, "संशोधन संविधान में होता है बहूजी, कैंसर पर शोध होता है." कधी चारचौघांत बोलले नाहीत. प्रत्येक वेळी टेबलापाशी येऊन, हळू आवाजात. आणि टेबलाशेजारच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवून त्यांनी माझ्यासाठी यादी केली होती. वरती ठळक लिहिलेलं, 'बहूजी के शब्द'. शिक्षा, पालक, संशोधन, चेष्टा, अभ्यास, प्रकृति. पान लावायच्या आधी मी त्यावरून एक नजर फिरवायची. त्या यादीनं मला हिंदी शिकवलं. कुठल्या शिकवणीनं शिकवलं नसतं इतकं.

'राजीनामा' मात्र त्या यादीत नव्हता, कारण ती चूक माझ्याकडून कधी झालीच नव्हती. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणं. हिंदीत त्याला इस्तीफा म्हणतात, आणि राजीनामा म्हणजे तडजोड, समझोता. ठाण्यात भांडण मिटलं की इथले लोक म्हणतात, "राजीनामा हो गया." जगात रोज कुणी ना कुणी खुर्ची सोडत असतो, त्यामुळे इस्तीफा हा शब्द आठवड्यातून दोनदा माझ्या हातून जायचा. झोपेतसुद्धा चुकले नसते, असा माझा समज.

तर तो शुक्रवार. त्याच आठवड्याच्या सोमवारी आमचे मालक-संपादक, ज्यांना सगळे सेठजी म्हणत, त्यांनी मला आणि मिश्रजींना एकामागून एक बोलावलं होतं. मला म्हणाले, "बहूजी, बनारस में विदेश की खबर कौन पढ़ता है? इस महीने के बाद पन्ना बंद. उसकी जगह राशिफल बड़ा कर देंगे." माझा करार वर्षावर्षाचा, महिनाअखेरीला संपत होता. पान नाही तर करार नाही, इतका सरळ हिशेब. मिश्रजींना काय सांगितलं ते त्यांनीच जिन्यात सांगितलं. "कह रहे हैं, मशीन आ रही है जो अशुद्धि अपने आप पकड़ लेगी. तब तक बैठे रहिए, लेकिन एक भी गलती छूटी तो..." पुढचं त्यांनी पानाबरोबर गिळलं.

खरं सांगते, मी त्या आठवड्यात घरी कुणाशी धड बोलले नाही. बारा वर्षं झाली होती. नोकरी ही काही फार मोठी गोष्ट नव्हे, पण गल्लीत मी अमक्याची सून आणि तमक्याची बायको होते, आणि त्या पानावर मी कुणाची कुणी नव्हते, मी फक्त मी होते. पान गेलं की पुन्हा ती दुपार आणि ती भिंत. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. राशिभविष्य म्हणे!

इकडे लंडनच्या बाईंचीही तीच गत. हाती बरं चाललेलं सरकार होतं, पण बहुमत आणखी वाढवावं म्हणून त्यांनी मुदतीच्या आधीच निवडणूक घेतली आणि हातातलं होतं तेही घालवून बसल्या. तिकडे रात्रभर मतमोजणी, म्हणजे आपल्याकडे सकाळ. मी साडेसहाला पोचले तेव्हा टीव्हीवर आकडे पडत होते. त्यांचा पक्ष सर्वांत मोठा होता खरा, पण निम्म्या जागांना थोडक्यात कमी पडत होता. विरोधक म्हणत होते जा, त्यांच्याच पक्षातले काहीजण म्हणत होते जा. उत्तर आयर्लंडमधल्या एका छोट्या पक्षाचे दहा खासदार होते, ते पाठीशी उभे राहिले तरच काही जमण्यासारखं होतं. पण टीव्हीवाले तर बाईंचं सामान बांधून दारात ठेवून मोकळे झाले होते.

सव्वाअकराला माझी बातमी तयार होती. तीत दोन्ही लिहिलं होतं, इस्तीफ्याची मागणी होते आहे आणि छोट्या पक्षाशी बोलणं होण्याची चर्चाही आहे. मथळा दिला होता, 'ब्रिटेन में त्रिशंकु संसद'. कुणालाच बहुमत नाही त्याला हिंदीतही त्रिशंकूच म्हणतात, म्हणजे अगदी निर्धोक मथळा. तेवढ्यात सेठजी मागे येऊन उभे. "त्रिशंकु? पहले पन्ने पर भी यही जाएगा? हटाइए, हटाइए!" झालं असं की त्रिशंकूची लाळ पडून झाली असं मानतात ती कर्मनाशा नदी बनारसपासून फार लांब नाही. जुने लोक तिचं पाणी अंगाला लागू देत नाहीत, सगळं पुण्य जातं म्हणतात. सेठजींना शुभ-अशुभाचं भारी वेड. "कुछ दमदार दीजिए," म्हणाले. "वैसे भी आपके गिने-चुने पन्ने बचे हैं."

घ्या! दहा मिनिटं हातात आणि वर हा टोला. मी मथळा खोडला आणि स्क्रीनकडे बघत बसले. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. अण्णा.

"सूनबाई, काय ग, त्या बाईंनी राजीनामा दिला का?"

"अजून नाही अण्णा."

"देणार ना पण? इथं टीव्हीवर सांगतात की राजीनामा तय आहे."

"तसंच दिसतंय. अण्णा, मी कामात आहे, ठेवते."

फोन ठेवला, टंकलं, आणि पान मिश्रजींकडे पाठवलं. पाच मिनिटांत पान सुटलं. काय टंकलं ते मला माझं आठवतसुद्धा नव्हतं.

तीनला मी घरी पोचले तर ओट्यावर ही गर्दी. मध्ये अण्णा, हातात आमचाच पेपर. समोर दूधवाले यादवजी, त्यांच्या हातातही आमचाच पेपर. दोघंही तावातावानं बोलत होते.

अण्णा म्हणत होते, "अरे भाई, गई वो! साफ लिखा है. राजीनामा दे दिया."

यादवजी म्हणत होते, "गुरुजी, गई कहाँ? राजीनामा हो गया, मने मामला सलट गया. अब तो जम के बैठेगी."

"माझ्या सुनेनं लिहिलंय! तिला काय म्हणायचंय ते मला ठाऊक की तुला?"

"लिखा तो हिंदी में है न, गुरुजी!"

मी अण्णांच्या हातातून पेपर ओढून घेतला. चार कॉलमांत ठळक मथळा, 'ब्रिटेन की प्रधानमंत्री का राजीनामा तय'. मेले! मला म्हणायचं होतं इस्तीफा तय, आणि साऱ्या बनारसला मी सांगितलं होतं की बाईंची तडजोड पक्की झाली. आमच्या घाटावरची पाच-पन्नास मराठी घरं तेवढी माझ्या मनातलं वाचत होती, बाकी शहर यादवजींसारखं वाचत होतं. एकच पेपर, एकच ओळ, आणि गल्लीच्या एका बाजूला बाई गेल्या होत्या नि दुसऱ्या बाजूला राहिल्या होत्या.

"काय झालं सूनबाई? पांढरी का पडलीस?" अण्णांनी विचारलं. मी सरळ आत गेले आणि मोरीत तोंड धुवत बसले. मला दोन गोष्टी दिसत होत्या. आता महिनाअखेरपर्यंतही थांबायला नको, उद्याच घरी बसायचं, ही एक. आणि दुसरी त्याहून वाईट, ही चूक मिश्रजींच्या हातून सुटली होती. एकही चूक सुटली तर, असं ज्यांना चार दिवसांपूर्वी बजावलं होतं, त्यांच्या हातून. माझ्यामुळे.

संध्याकाळी पाचच्या सुमारास लेक ओरडली, "आई, टीव्ही देख!" बाई राणीला भेटून आल्या होत्या आणि दाराबाहेर उभं राहून सांगत होत्या की सरकार त्याच बनवणार, त्या छोट्या पक्षातल्या मित्रांच्या साथीनं. अण्णांनी एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा पेपराकडे, आणि मग माझ्याकडे. "अच्छा," म्हणाले, "म्हणजे तू हिंदीतलं लिहिलं होतंस." मी त्यांना हो म्हटलं. ते माझं पहिलं खोटं.

शनिवारी सकाळी मी सहालाच ऑफिस गाठलं. तपासलेली प्रूफं आठवडाभर भिंतीवरच्या एका खिळ्याला लटकवलेली असत. मला माझी चूक डोळ्यांनी बघायची होती. वरचंच पान काढलं. 'राजीनामा' या शब्दाभोवती लाल गोल होता. समासात मिश्रजींच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'इस्तीफा'. आणि मग त्या इस्तीफ्यावर आडवी रेघ मारून, राजीनाम्याखाली बारीक टिंबं देऊन बाजूला लिहिलं होतं, 'यथावत्'. म्हणजे आहे तसंच राहू द्या. खाली त्यांची सही.

मी ते हातात धरून उभी होते. मागून सायकल लावल्याचा आवाज आला आणि मिश्रजी आत आले.

"आपने देख लिया था?" मी विचारलं.

"काहे नहीं देखते? हमारा काम क्या है?"

"फिर छोड़ा क्यों?"

त्यांनी सावकाश पान लावलं, तोंडात टाकलं, आणि मग बोलले. "बहूजी, जिसको कुर्सी छोड़नी होती है वो हारते ही छोड़ देता है. ये तो सबेरे तक बैठी रहीं, भाषण दे दिया, टस से मस नहीं हुईं. हमने सोचा, ये उठने वाली नहीं हैं. कुछ न कुछ बैठा रही हैं." पुढे म्हणाले, "बैठे रहना कैसा होता है, हम जानते हैं. रिटायर होने की उमर निकल गई, तीन साल से बैठे ही तो हैं."

"और इस्तीफा दे देतीं तो?"

"तो हम जाते. आप तो वैसे भी जा रही थीं." आणि हसले. "हमने सोचा, एक बार आपकी मराठी से ही पन्ना निकल जाए."

माणूस आपली उरलेली नोकरी माझ्या एका चुकलेल्या शब्दावर लावून मोकळा झाला होता, आणि वर ते असं सांगत होता की जणू चहात साखर जरा जास्त पडली.

दहा वाजता सेठजी आले ते लौंगलता नावाच्या मिठाईची टोपली घेऊनच. गावातल्या दुसऱ्या सांध्य दैनिकानं 'इस्तीफा' छापलं होतं आणि तोंडघशी पडलं होतं. आमचा पेपर चहाच्या टपऱ्यांवर हातोहात फिरला होता. बनारसी माणसाला परदेशाची बातमी नको असते असं सेठजी म्हणत, पण टपरीवर बसून जगाचा निकाल लावायला कुणीतरी आधी निकाल सांगावा लागतोच ना? कुणा बड्या माणसानं त्यांना फोन करून विचारलं होतं, तुम्हाला आधी कसं कळलं? सेठजी माझ्या टेबलाशी येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दिल्ली वाले फेल, हमारी बहूजी पास! विदेश पन्ना चलेगा. राशिफल जहाँ है वहीं रहेगा."

मी उठले. सांगणार होते. शपथेवर सांगते, शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात जिन्यापाशी मिश्रजींनी मान हलवली, नाही म्हणून. दुपारी मी त्यांना गाठलं तेव्हा म्हणाले, "आप बताएँगी तो पहला सवाल यही होगा कि प्रूफ किसने छोड़ा." तेही खरंच होतं. मी खरं बोलले असते तर माझं मन हलकं झालं असतं आणि त्यांची नोकरी गेली असती. तेव्हा आम्ही दोघं गप्प राहिलो. आमच्या दोघांचा राजीनामा झाला म्हणा ना, हिंदीतला.

पुढची दोन वर्षं मी त्या लंडनच्या बाईंवर इतकं लिहिलं की माझी लेक त्यांना 'तुझी मैत्रीण' म्हणायची. युरोपातून बाहेर पडायचं की नाही आणि कसं, यावरून त्यांना घरचे नि दारचे सगळे घेरत होते. संसदेत मतदान हरायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभ्या. पक्षातल्यांनीच अविश्वास आणला, त्यातूनही निसटल्या. टीव्हीवाले दर पंधरा दिवसांनी त्यांचं सामान बांधायचे. मी आणि मिश्रजी रोज पान सोडताना एकमेकांकडे बघायचो. "आज?" ते विचारायचे. "बैठी हैं," मी सांगायची. त्यांचं राजकारण मला पटायचं असं नाही, पण माझा जीव मात्र त्यांच्या खुर्चीत अडकलेला. शेवटी एक दिवस त्या खरंच उठल्या. बोलता बोलता आवाज भरून आला त्यांचा. आपल्याकडच्या निवडणुकीचे निकाल आदल्याच दिवशी लागले होते, सारं बनारस गुलालात न्हालेलं, त्यामुळे त्यांच्या वाट्याला तळाशी दोन कॉलम आले. मी मथळ्यात इस्तीफा लिहिलं. मिश्रजींनी त्या शब्दाखाली पेनाचं टोक क्षणभर टेकवलं आणि काही न लिहिता सही केली.

महिन्याभरात त्यांनाही उठावं लागलं. मशीन आली होती. दुपारी तीनला, पेपर बाजारात गेल्यावर, वरच्या हॉलमध्ये निरोप समारंभ. शाल, हार, समोसे. सेठजी बोलायला उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण बोलताना त्यांची जीभ सैल सुटायची. म्हणाले, "मिश्रजी ने जीवन भर मात्राएँ गिनीं. अब वो काम मशीन कर लेगी. अखबार तो आखिर खबर से चलता है. जैसे हमारी बहूजी ने लंदन वाली खबर निकाली थी..." आणि माझ्याकडे बोट केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिश्रजीसुद्धा वाजवत होते, गळ्यात हार घालून.

माझं डोकंच फिरलं. त्याच आठवड्यात माझा करार पुन्हा सहीला जायचा होता, कागद सेठजींच्या खोलीत पडलेला, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी उभी राहिले. म्हटलं, "सेठजी, वो खबर मेरी नहीं थी. मैं इस्तीफा लिखना चाहती थी. मराठी में इस्तीफे को राजीनामा कहते हैं, मुझसे गलती हो गई थी. मिश्रजी ने पकड़ी थी, और सोच-समझकर छोड़ी थी. अखबार का नाम मेरी गलती से और इनकी अक्ल से हुआ. कौन-सी मशीन ये कर लेगी, आप बताइए."

सेठजींचा चेहरा आवळत चाललेला मला दिसत होता. आणि तेवढ्यात मिश्रजी उठले. हार सावरत, हात जोडून हसत म्हणाले, "सेठजी, बहूजी विदाई में भावुक हो गई हैं. हमारा मान बढ़ाने को कह रही हैं. हमको इंग्लैंड की राजनीति का क ख ग नहीं आता. हमने तो पढ़ा, मात्रा ठीक थी, छोड़ दिया." एवढं बोलून खाली बसले. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. सेठजीही. म्हणाले, "देखिए, ऐसी हैं हमारी बहूजी!" आणि समोसे फिरले. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याचं एक अक्षर चुकीचं राहू दिलं नाही, त्यानं शेवटच्या दिवशी भरल्या सभेत धडधडीत खोटं सांगितलं आणि आपल्या नोकरीतली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या पदरात टाकून दिली.

मी खाली धावले. ते फाटकापाशी सायकलचं कुलूप काढत होते, शाल कॅरिअरला बांधलेली.

"मिश्रजी, झूठ क्यों बोले आप?"

"और आप सच काहे बोलीं?" त्यांनी मान वर केली नाही. "कागज अभी सेठजी की मेज पर पड़ा है. हम हाँ कह देते तो आपका राजीनामा हो जाता."

राजीनामा म्हणाले होते ते, आणि माझ्या अर्थानं, मराठीतल्या अर्थानं. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनाही ते कळलं असावं, कारण पान सांभाळत ते मनापासून हसले.

आपल्याकडे मोठ्या माणसापुढे सून काय आणि लेक काय, वाकतेच. तशी मी वाकले. ते दोन पावलं मागे सरकले, इतके की सायकल कलंडली असती.

"ना, ना, ना! बेटी से पैर छुआएँगे हम? नरक जाना है का हमको?"

इकडे पाया पडते ती सून. लेकीला पाया पडू देत नाहीत, उलट घरातले वडीलधारेच तिच्या पायांना हात लावतात. चौदा वर्षं बहूजी म्हणणारे ते सत्तरीला टेकलेले मिश्रजी भर रस्त्यावर खाली वाकले, माझ्या पायांना हात लावून तो त्यांनी कपाळाला टेकवला, आणि "खुस रहो, बिटिया," असं म्हणून सायकलवर टांग टाकून निघून गेले.